फळीला फळी जोडून: प्राचीन इजिप्तच्या लाकडी वस्तू

सुतारपक्षी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

नोकरीसाठी इटलीतल्या तूरिनला येऊन तीन वर्षं झाली. इथलं इजिप्शियन संग्रहालय मी दोनदा पाहुण्यांबरोबर धावतपळत पाहिलं होतं. गेल्या महिन्यात एकटाच गेलो आणि खा आणि मेरित या नवराबायकोच्या दालनात साडेतीन तास काढले. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही, म्हणून हा धागा.

आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकाम. बाबा चिपळूणजवळ अजून वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, हातात धरतात. मी यंत्रांकडे वळलो, पण लाकडी वस्तू दिसली की आधी सांधा बघायचा ही सवय सुटलेली नाही. इजिप्त म्हटलं की आपल्याला दगड आणि सोनं आठवतं. मला तिथे दिसलं ते लाकूड.

खा हा राजा नव्हता. राजांची थडगी डोंगरात कोरणाऱ्या कारागिरांचं गाव म्हणजे देर अल-मदीना, तिथला तो कामांवरचा प्रमुख. काळ साधारण इ. स. पू. १४०० च्या आसपासचा. १९०६ मध्ये इटालियन पुरातत्त्वज्ञ एर्नेस्तो स्कियापारेल्ली यांना त्याचं थडगं सापडलं तेव्हा त्याला चोरांचा हात लागलेला नव्हता. लाकडी दार, त्याचं लाकडी कुलूप, दाराबाहेरच्या बोळात ठेवलेली खाची खाट, सगळं जागच्या जागी. आत पलंग, खुर्च्या, तिवया, कपड्यांच्या पेट्या. घर हलवताना सामान रचतात तसं रचलेलं.

एका पेटीसमोर मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो. चार पायांची, वर घराच्या छपरासारखं दोन्हीकडे उतरतं झाकण. झाकणाला एक मूठ, पेटीला एक मूठ. दोन्हींवरून दोरी गुंडाळायची आणि वर ओल्या मातीची मोहर लावायची की पेटी बंद. पेटीवर खा आणि मेरित जेवणाच्या चौरंगासमोर बसलेत आणि कडेने भौमितिक नक्षी आहे. लांबून वाटतं की काळं आणि पिवळं लाकूड एकमेकांत जडवलंय. जवळ गेल्यावर कळतं की ते रंगाने काढलेलं आहे. खाली साधं गावठी लाकूड, वर पांढरा लेप, त्यावर रंग. जडावकाम परवडणारं नव्हतं म्हणून ते रंगवून घेतलं, आणि रंगवणाऱ्याने इतक्या निगुतीने रंगवलं की आज ३४०० वर्षांनी त्याच्या रेषा हललेल्या नाहीत.

असं का करावं लागलं, त्याचं उत्तर नाईलकाठच्या झाडांत आहे. तिथे झाडं होती, फळ्या निघतील अशी फार थोडी. बाभूळ होती. आपलीच बाभूळ, तिच्या शास्त्रीय नावातलं 'निलोटिका' म्हणजेच नाईलची. लाकूड चिवट, टिकाऊ, पण आखूड आणि वाकडं. सायकोमोर अंजीर होतं, आपल्या उंबराचं भाऊबंद, तशीच फळं खोडाला लगडतात. त्याचं लाकूड मऊ, हलकं, भसाड्या रेषांचं. झाऊ होता, बोर होती. खजुरीचं खोड तर नुसते तंतू, छताला तुळई म्हणून टाकता येतं, पेटी होत नाही. लांब, सरळ, सुवासिक फळी हवी असेल तर लेबननहून सीडर आणायचा. तो आपल्या हिमालयातल्या देवदाराचा सख्खा भाऊ. पालेर्मोच्या शिलालेखात स्नेफेरू राजाच्या काळी, म्हणजे इ. स. पू. २६०० च्या सुमारास, असल्या लाकडाने भरलेली ४० जहाजं आणल्याची नोंद आहे. पिरॅमिड उभारणाऱ्या राजाने लाकडाची जहाजं मोजून लिहून ठेवावीत, यावरून लाकडाची किंमत कळते.

काळं लाकूड दक्षिणेकडून, आफ्रिकेच्या आतल्या भागातून यायचं. ते आपल्या शिसवाच्या कुळातलं. इजिप्शियन भाषेत त्याचं नाव 'हबनी' असं काहीसं होतं. ग्रीकांनी ते उचललं, तिथून अरबी-फारसीत गेलं आणि आपल्याकडे 'आबनूस' होऊन आलं. म्हणजे आबनुसी काळा म्हणताना आपण एक इजिप्शियन शब्द बोलत असतो.

आता मेरितबद्दल. ती खाच्या आधी गेली, आणि अचानक गेली असावी. तिची स्वतःची शवपेटी तयार नव्हती. तिला ज्या पेटीत ठेवलं तिच्यावर नाव फक्त खाचं आहे. पेटी तिला मोठी झाली. चेहऱ्यावरचा मुखवटाही मोठा झाला. रिकामी राहिलेली जागा घरातल्या कापडांनी भरली, आणि त्या कापडांवर खाची खूण आहे. पलीकडे तिचा केसांचा टोप ठेवायची उंच लाकडी पेटी आहे आणि त्यातल्या टोपाच्या केसांची चमक अजून गेलेली नाही. मी त्या दोन पेट्यांच्या मधे उभा राहिलो आणि बराच वेळ पाय निघाला नाही.

नवऱ्याने स्वतःसाठी करून घेतलेली पेटी बायकोला दिली. थडग्यातल्या सोन्यापेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते, आणि ती समजली ती लाकडामुळे.

तुम्ही कुठे काही पाहिलं असेल, वाचलं असेल, तर लिहा.

रेवाकाठ

सुंदर लिहिलंय. मेरितचा भाग दोनदा वाचला.

मी वडोदऱ्याची. आमच्या इथल्या संग्रहालयात सयाजीराव महाराजांच्या काळात आणलेली ममी आहे. लहानपणी शाळेच्या सहलीत आम्ही सगळ्या मुली फक्त ममी बघायला धडपडायचो, तिच्या पेटीकडे कुणी पाहिलंही नसेल. आता परत जाईन तेव्हा पेटीच बघेन. नेमकं काय बघायचं, ते सांगाल का?

सुतारपक्षी

धन्यवाद रेवाकाठ. शवपेटी बघताना आधी चित्रं बाजूला ठेवा आणि कडा बघा. जिथे लेप उडालाय तिथे आतलं लाकूड दिसतं. बहुतेक पेट्या एकसंध फळ्यांच्या नसतात. वेड्यावाकड्या आकाराचे छोटे तुकडे एकमेकांना बसतील असे तासून, लाकडी खुंट्यांनी जोडलेले असतात. गाठ पडलेली असेल तर ती काढून तिथे नेमक्या मापाचं ठिगळ. फटी माती-चुन्याच्या लुकणाने भरलेल्या, त्यावर कापड, त्यावर पांढरा लेप, मग रंग. आज सीटी स्कॅनमध्ये हे सगळे थर वेगवेगळे दिसतात. बाहेरून देवाधर्माची चित्रं आणि आत काटकसरीची गोधडी.

ठाकठोक

मी फर्निचरच्या धंद्यात आहे, म्हणून विचारतो. लोखंड नव्हतं, रंधा नव्हता. मग फळी सपाट कशी करायचे? आणि कापायचे कशाने?

सुतारपक्षी

ठाकठोक, याचं उत्तर त्यांनीच करून ठेवलंय, तेही लाकडात.

मेकेतरे नावाचा एक बडा अधिकारी होता, इ. स. पू. २००० च्या थोडा अलीकडचा. थीब्जला त्याचं थडगं. चोरांनी ते पूर्वीच धुऊन नेलं होतं. १९२० च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचे हर्बर्ट विनलॉक तिथे फक्त नकाशा काढण्यासाठी साफसफाई करत होते. एका मजुराच्या लक्षात आलं की दगडाचे कपचे जमिनीजवळच्या एका फटीत आपोआप घरंगळत आहेत. फटीतून दिवा धरून पाहिलं तर आत एक छोटी बंद खोली, आणि खोलीत भरलेलं लाकडी जग: धान्याचं कोठार, गोठा, बेकरी आणि बिअरची भट्टी, विणकाम, खाटीकखाना, गुरांची मोजदाद, होड्यांचा ताफा, आणि एक सुतारशाळा. एकूण २४ नमुने. निम्मे कैरोत राहिले, निम्मे न्यूयॉर्कला गेले. सुतारशाळा कैरोत आहे.

त्या सुतारशाळेत अर्ध्या भागावर छप्पर, अर्धा उघडा. मधोमध एक खांब रोवलाय आणि फळी त्याला उभी बांधलीय. एक माणूस उभा राहून वरून खाली कापतोय. त्यांची करवत ओढताना कापायची, ढकलताना नाही. तांबं मऊ, ढकललं तर पातं वाकणार. बाकीचे उकिडवे बसलेत. कुणी पटाशीने खाच पाडतोय, कुणी वाकसाने तासतोय, कुणी दगडाने फळी घासतोय. हेच तुमच्या रंध्याचं उत्तर: आधी वाकस, मग वालुकाश्माचा तुकडा. पॉलिश पेपरचं काम दगड करायचा. कोपऱ्यात हत्यारं तापवून धार काढायला भट्टी आहे. आणि एक पेटी आहे, तिच्यात खेळण्यातल्या मापाच्या करवती, पटाश्या, वाकस.

भोक पाडायला धनुष्याच्या दोरीने फिरणारा सामता होता. चिकटवायला सरस. आणि एका फळीच्या खाचेत दुसरीचं कुसू, म्हणजे पुढे काढलेली जीभ, बसवून वरून खुंटी मारायचा सांधा त्यांना पिरॅमिडांच्या आधीपासून येत होता. मी त्या नमुन्याचा फोटो बाबांना पाठवला. ते म्हणाले, "तासणारा बसलाय तो बरोबर बसलाय, पाय आवरून." एवढंच बोलले, पण त्यांनी तो फोटो शेजारच्या दोघांना दाखवला म्हणे.

ठाकठोक

ओढून कापायची करवत! जपानी करवती अशाच असतात, आमच्याकडे एक आहे, कापलेली कड आरशासारखी येते. मापाचं काय करायचे?

सुतारपक्षी

हाताने, म्हणजे खरोखरच हाताने. त्यांचा छोटा हात २४ बोटांचा, आपल्या जुन्या हातासारखाच, आपला हातही २४ अंगुळांचा. राजाच्या कामासाठी मोठा हात, २८ बोटांचा, साधारण साडेबावन्न सेंटिमीटर. खाच्या थडग्यात अशा दोन पट्ट्या मिळाल्या. एक दुसऱ्या आमेनहोतेप राजाने भेट दिलेली, सोन्याने मढवलेली, मिरवायची. दुसरी साध्या लाकडाची, बिजागरीवर मधोमध दुमडणारी, कातडी म्यानात ठेवायची. कामावर नेत असणार ती ही. बाबांची घडीची मोजपट्टी मला तिथे आठवली.

दर्यावर्दी

एवढा वेळ वाचतोय आणि नावेचं नाव कुणी काढेना, म्हणून लिहितो.

गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या दक्षिणेला १९५४ मध्ये कमाल अल-मल्लाख यांना एक खड्डा सापडला, वर ४१ प्रचंड चुनखडकाचे ठोकळे झाकलेले. आत खुफू राजाची नाव, सुटी करून नीट रचून ठेवलेली. एकूण १२२४ तुकडे, बहुतेक सीडरचे. जोडल्यावर लांबी ४३ मीटरच्या वर. ती जोडली अहमद युसुफ मुस्तफा यांनी, आणि त्याला दहा वर्षांहून जास्त काळ लागला. त्यांना नावा बांधायचा अनुभव नव्हता, म्हणून ते नाईलकाठच्या नावा बांधणाऱ्यांकडे जाऊन शिकले. फळ्यांवर जुन्या सुतारांनी खुणा कोरल्या होत्या: ही पुढची डावी, ही मागची उजवी, अशा. त्यांचा मोठा आधार झाला. तरी नाव पुन्हा पुन्हा जोडून सोडवावी लागली. २०२१ मध्ये ती अख्खी उचलून नव्या मोठ्या संग्रहालयात नेली.

आता आपल्याशी संबंध. ही नाव खिळ्यांची नाही, शिवलेली आहे. फळीच्या आतल्या अंगाने इंग्रजी व्ही अक्षरासारखी भोकं पाडून त्यातून दोर ओवलेत. भोक बाहेरच्या बाजूला निघतच नाही, त्यामुळे तिथून पाणी शिरायला वाव नाही. पाण्यात लाकूड फुगतं, दोर आवळतो, सांधे घट्ट बसतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही काथ्याने शिवलेली गलबतं शतकानुशतकं चालली. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यात बांधलेलं 'कौंडिण्य' हे शिवलेलं जहाज २०२५ मध्ये नौदलात आलं. दोन्ही पद्धती वेगळ्या, आपल्याकडे टाके फळीच्या आरपार जातात आणि भोकं बुजवावी लागतात. पण लाकडाला दोराने धरायची अक्कल दोन्हीकडे आहे.

सुतारपक्षी

दर्यावर्दी, खूप आभार. आरपार न जाणाऱ्या भोकाचं मला माहीत नव्हतं.

मोहोर

मी पुरातत्त्वाची विद्यार्थिनी आहे. या धाग्यात एक गोष्ट सांगाविशी वाटते. शवपेटी त्यांच्यासाठी खोका नव्हती, घर होती. मध्य राज्याच्या काळातल्या, म्हणजे साधारण मेकेतरेच्या काळातल्या, आयताकृती पेट्यांवर एका बाजूला दोन डोळे रंगवलेले असतात. मृताला डाव्या कुशीवर, तोंड पूर्वेला करून झोपवत आणि त्याचा चेहरा बरोबर त्या डोळ्यांमागे येई. त्या डोळ्यांतून त्याने उगवता सूर्य पाहायचा. आतल्या अंगाला मंत्र, खायच्या-प्यायच्या वस्तूंची चित्रं, चपला, धनुष्य. पुढे माणसाच्या आकाराच्या पेट्या आल्या. त्यांच्या झाकणावर किंवा आत आकाशदेवी नूत पंख पसरून असते. म्हणजे माणूस आईच्या कुशीत परत जातो.

आणि सायकोमोरबद्दल. तुम्ही त्याचं लाकूड हलक्या प्रतीचं म्हणालात, ते सुतार म्हणून बरोबर. पण थडग्यांतल्या चित्रांत याच झाडातून देवी बाहेर येते आणि मृताला पाणी पाजते, फळं देते. हाथोरला तर सायकोमोरची स्वामिनी म्हणत. तेव्हा त्या लाकडाच्या पेटीत निजणं म्हणजे त्या देवीच्या अंगात निजणं. औदुंबराखाली दत्ताच्या पादुका पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

सुतारपक्षी

मोहोर, तुमचं म्हणणं मान्य. मी लाकूड नखाने दाबून पाहणाऱ्यांच्या बाजूने बोललो. ही बाजू माझ्याकडून राहिली होती.

विठूमाय

उशाला ठेवतात ती लाकडी तिवईसारखी वस्तू फोटोत पाहिली. त्यावर झोप कशी लागत असेल?

मोहोर

विठूमाय, खाली बैठक, मधे खांब, वर मानेला बसेल अशी चंद्रकोरीसारखी वाटी. त्यावर कापड गुंडाळून वापरत असत. डोकं उचललेलं राहतं, मानेखालून वारा जातो, केसांची ठेवण मोडत नाही. थडग्यातही ती द्यायचे, कारण मृताचं डोकं शाबूत राहावं ही मोठी काळजी होती. मृतांच्या ग्रंथात, म्हणजे मृताबरोबर ठेवायच्या मंत्रांच्या संग्रहात, १६६ वा मंत्र खास या उशीसाठी आहे.

पांथस्थ

सगळं छान, पण खा काय, मेकेतरे काय, हे वरचे लोक. ज्यांना रंगवलेली पेटीही परवडायची नाही, त्यांचं काय व्हायचं? संग्रहालयात त्यांचं काही दिसत नाही म्हणून ते नव्हतेच असं होऊ नये.

मोहोर

पांथस्थ, प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर जमिनीतून मिळालंय. अखेनातेनच्या राजधानीत, अमार्नाला, सामान्य माणसांची दफनभूमी खणली गेली. तिथे लाकडी पेट्या थोड्याच. बहुतेकांना काड्यांच्या चटईत गुंडाळून वाळूत ठेवलेलं. हाडांवर ओझी वाहिल्याच्या खुणा, कितीतरी जण तरुणपणीच गेलेले.

भावाचा अंदाजही आहे. देर अल-मदीनाच्या लोकांनी खापरांवर आणि पपायरसवर हिशेब लिहून ठेवलेत. तिथल्या कारागिराला महिन्याला साडेपाच पोती धान्य मिळायचं, त्याचे तांब्याच्या हिशेबात साधारण ११ देबेन. देबेन हे तिथलं वजनाचं माप, किमती त्यात सांगत. साधी शवपेटी २० देबेनच्या पुढे. म्हणजे दोन महिन्यांची पूर्ण कमाई, आणि हा कारागीर इतर शेतमजुरांपेक्षा पुष्कळ बरा. म्हणूनच पुढे पडत्या काळात जुन्या पेट्या थडग्यांतून काढून, आधीचं नाव खोडून, नवा लेप देऊन दुसऱ्याला वापरल्या गेल्या. एकविसाव्या राजघराण्याच्या, म्हणजे इ. स. पू. १००० च्या आसपासच्या, पेट्यांत हे वारंवार आढळतं. त्याला नुसती चोरी म्हणायला मन धजत नाही. लाकूड येणं बंद झालं होतं आणि माणसं मरायची थांबली नव्हती.

पांथस्थ

चटईचं वाचून गप्प झालो. धन्यवाद.

हरणटोळ

पाटलाबद्दल लिहितो. कैरोजवळच्या सक्कारा दफनभूमीत १८६० मध्ये फ्रेंच पुरातत्त्वज्ञ मारिएतच्या मजुरांनी एक लाकडी पुतळा बाहेर काढला. गोलगरगरीत चेहरा, सुटलेलं पोट, हातात काठी, आणि तांब्याच्या कडांत बसवलेले स्फटिकाचे जिवंत डोळे. मजुरांनी त्याला पाहिलं आणि म्हणाले, अरे हा तर आमचा शेख अल-बलद. शेख अल-बलद म्हणजे गावचा पाटील. तेच नाव पडलं. खरं नाव का-अपेर, पुरोहित होता. उंची ११२ सेंटिमीटर, लाकूड सायकोमोरचं, वय साडेचार हजार वर्षांच्या आसपास. हात वेगळे करून जोडलेत. काठी आणि पाय मात्र नंतरचे.

दगडाचा पुतळा अंगाला हात चिकटवून उभा राहतो. लाकडात हात मोकळे ठेवता येतात, म्हणून हा माणूस चालत येतोय असं वाटतं.

डॉ. अनामिका

फिजिओथेरपिस्ट म्हणून एकच भर. कैरोत एक लाकडी अंगठा आहे, पायाचा. ताबाकेतेनमुत नावाच्या बाईच्या ममीच्या पायाला बांधलेला. लाकूड आणि कातडं, तीन भागांत केलेला, वाकेल असा. मँचेस्टर विद्यापीठातल्या जॅकलिन फिंच यांनी त्याची नक्कल करून अंगठा नसलेल्या लोकांना चालायला लावलं. ते चालले. म्हणजे हा मेल्यानंतर लावलेला दागिना नाही, चालण्यासाठी केलेला आहे. मी ज्या रुग्णांना पहिलं पाऊल टाकायला शिकवते, त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते त्या बाईच्या चेहऱ्यावर कुणीतरी पाहिलं असणार. अंगठ्याला नखसुद्धा कोरलंय.

सुतारपक्षी

डॉक्टर, नखाचं वाचून अंगावर काटा आला.

आता तुतनखामुनबद्दल लिहायला हरकत नाही. मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण त्याच्या सोन्याखाली बाकीचं सगळं गाडलं जातं. १९२२ मध्ये सापडलेल्या त्या थडग्यात सोन्याचा पत्रा काढला तर उरतं ते मुख्यतः सुतारकाम. ममीभोवती एकात एक चार लाकडी देव्हारे, त्यांच्या आत दगडी पेटी, तिच्यात तीन शवपेट्या. सगळ्यात आतली ११० किलो सोन्याची, बाहेरच्या दोन लाकडाच्या. शिवाय तीन घड्यांची प्रवासी खाट, खुर्च्या, रथ, सव्वाशेच्या वर काठ्या. त्यातल्या एका साध्या बोरूच्या काठीवर लिहिलंय की ही राजाने स्वतःच्या हाताने तोडली.

देव्हाऱ्याच्या भागांवर खुणा होत्या, दर्यावर्दींनी सांगितलेल्या नावेसारख्याच, कुठला भाग कुठल्या दिशेला ते सांगणाऱ्या. तरी जोडणाऱ्यांनी ते उलट्या दिशेने जोडले. दारं पश्चिमेला हवी होती ती पूर्वेला आली. सोन्यावर हातोड्याचे घाव आहेत. थडगं लहान, राजा अवचित गेलेला, जागा नाही, वेळ नाही.

आणि सगळ्यात बाहेरची शवपेटी दगडी पेटीत ठेवली तर तिचे पाय वर आले. दगडी झाकण बसेना. मग कुणीतरी वाकस घेतला आणि राजाच्या पेटीची बोटं तासली. हे थडगं शोधणारे हॉवर्ड कार्टर यांना त्या ढलप्या खाली तशाच पडलेल्या मिळाल्या.

मी हे बाबांना फोनवर सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, "सोनं लावून झालेलं होतं का तासताना?" मी म्हटलं, हो. मग थोडा वेळ काही बोलले नाहीत. त्यांनी एकदा एका वाड्याचं दार, पॉलिश झालेलं, मुहूर्ताच्या सकाळी खालून तासलं होतं. चौकट गवंड्याने बुटकी घेतली होती. ते दार तासताना त्यांचे हात कापत होते, हे त्यांनी मला त्या फोनवर पहिल्यांदा सांगितलं.

रेवाकाठ

तुमच्या बाबांना नमस्कार सांगा.

ठाकठोक

माझाही. असं दार मीही तासलंय.

भाजेकर

टिकण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. कोरड्या वाळूत बुरशी जगत नाही म्हणून तिथलं लाकूड राहिलं. तरी वाळवीने खाल्लेल्या पेट्याही तिथे भरपूर आहेत. आपल्या पावसात तर दीडदोनशे वर्षांचा वाडा उभा राहिला तरी खूप. पण म्हणून आपल्याकडे जुनं लाकूड नाहीच, असं नाही. कार्ल्याच्या चैत्यात वर मान करून पाहा. छताला लावलेल्या लाकडी कमानी जवळजवळ दोन हजार वर्षांच्या आहेत, आणि स्तूपावरची छत्रीही लाकडाची. दगडात कोरलेलं लेणं, त्याला छताचा आधार म्हणून कमानींची गरजच नव्हती. लाकडी मंडपाची सवय डोळ्यांना होती म्हणून बसवल्या. लेण्यात पाऊस आत येत नाही, त्यामुळे राहिल्या.

दर्यावर्दी

भाजेकर, यात एक दुवा जोडतो. तांबड्या समुद्रावर इजिप्तचं बेरेनिके नावाचं बंदर होतं, ग्रीक-रोमन काळातलं. तिथल्या उत्खननात मंदिरातल्या एका रांजणात साडेसात किलो काळी मिरी मिळाली, ते बऱ्याच जणांनी वाचलं असेल. पण तिथल्या भिंतींमध्ये सागाच्या तुळयाही मिळाल्या. साग इजिप्तमध्ये होत नाही, तो आपल्या बाजूचा. जुनी जहाजं मोडून त्यांचं लाकूड घरांना वापरलं असावं. कार्ल्याला दान देणाऱ्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, नावं खांबांवर कोरलेली आहेतच. त्याच काळातला हा व्यापार.

त्याच्याही दोन हजार वर्षं आधी, वादी गवासिसला, याच किनाऱ्यावर, तांबड्या समुद्राच्या दक्षिणेकडच्या पुंत देशाला जाणारी जहाजं होती. नाईलकाठी बांधायची, सुटी करायची, वाळवंटातून वाहून आणायची आणि समुद्रावर पुन्हा जोडायची. तिथे गुहेत दोरांची वेटोळी जशी ठेवली तशी मिळाली. बाहेर मालाच्या लाकडी पेट्या, त्यांतल्या दोनांवर 'पुंतच्या अद्भुत वस्तू' असं लिहिलेलं. जहाजाच्या फळ्या समुद्रातल्या किड्यांनी पोखरलेल्या. परत आल्यावर खराब भाग तासून टाकायचे आणि चांगला भाग परत वापरायला ठेवायचे. त्या ढलप्यांचेही ढीग तिथे आहेत.

सुतारपक्षी

सागाच्या तुळया! हे बाबांना आजच सांगतो. सागाला ते अजूनही नुसतं 'लाकूड' म्हणतात, बाकी सगळ्यांना नावानं हाक मारतात.

रेवाकाठ, संग्रहालयात गेलात की पेटीच्या पायाकडचा भाग बघायला विसरू नका. तिथे लेप आधी उडतो. मोहोर, शवपेट्यांच्या पुनर्वापरावर तुम्ही वेगळा धागा काढाच. आणि भाजेकर, पुढच्या वेळी कार्ल्याला गेलात तर त्या कमानींची टोकं दगडात कशी बसवलीत, त्याचे जवळून फोटो टाका. खाच आहे की नुसती टेकलीय, ते मला फोटोतून कळणार नाही, पण बाबांना कळेल.